आधी जमीन, मग इमारत

घर बांधायचे ठरले की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती घर किती खणांचे, भिंत विटांची की दगडाची, आणि वर कौले घालायची की पत्रा, याची. जाणता गवंडी मात्र आधी जागेवर येऊन उभा राहतो. पावसाचे पाणी कोणीकडून येते, उतार कोणीकडे आहे, मुरूम किती खाली लागेल, कोपऱ्यातला लिंब वाचवता येईल की नाही, हे तो पाहतो आणि मगच आखणीची दोरी हातात घेतो. श्रोतेहो, ही गवंड्याची नजर एका घरापुरती न ठेवता शेकडो एकरांवर, नव्हे सबंध शहरावर फिरवायची म्हटली तर? अशा नजरेची एक स्वतंत्र विद्या आहे. तिला लँडस्केप आर्किटेक्चर म्हणतात. आपण भूरचना म्हणू. जमीन, पाणी, झाडे, वाटा आणि इमारती यांची एकमेकांशी सांगड घालणे, हे तिचे काम. बागा तर जगात फार पूर्वीपासून आहेत, पण या कामाला वकिली किंवा डॉक्टरीसारखे स्वतंत्र व्यवसायाचे रूप आणि नाव मिळाले ते प्रामुख्याने अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकात. ते कसे मिळाले, हे आज पाहू.

मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ही नुसती सुंदर बागांची कथा नाही. मोकळी जमीन कुणाची, ती कुणासाठी राखायची, आणि राखताना कुणाला उठवायचे, हा प्रश्न या कथेत पहिल्यापासून आहे.

सुरुवात एका गायरानापासून करू. बॉस्टन शहराच्या मध्यभागी सुमारे पन्नास एकरांचे एक मोकळे मैदान आहे, बॉस्टन कॉमन. १६३४ साली तिथल्या वसाहतकऱ्यांनी घरटी वर्गणी काढून ही जमीन विकत घेतली ती गावची गुरे चारण्यासाठी. म्हणजे आपले गायरानच म्हणा ना! आणि गायरानाचे दुखणेही तेच: ज्याच्याकडे गुरे फार, तो गवत फार खाणार. म्हणून १६४६ मध्ये गावाने नियम केला, की एका वेळी सत्तरांहून अधिक गाई सोडायच्या नाहीत. गाई चरायच्या पूर्ण बंद झाल्या त्या १८३० साली. गाई गेल्या, पण मैदान गेले नाही, कारण ते सर्वांचे आहे ही समजूत तोवर दोनशे वर्षे मुरलेली होती.

देश स्वतंत्र झाल्यावर मात्र जमिनीकडे पाहण्याची दुसरी रीत पुढे आली. ही पट्टीने आखलेली रीत. १७८५ च्या जमीनविषयक कायद्याने पश्चिमेकडील प्रदेश सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकटींत पाडायचे ठरले. प्रत्येक चौकटीचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. यातली एक बाब शिक्षकबंधूंनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. छत्तिसांपैकी सोळाव्या क्रमांकाचा भाग त्या चौकटीतल्या सार्वजनिक शाळांसाठी राखून ठेवलेला होता. गाव वसण्याआधीच शाळेची जमीन ठरलेली! ही झाली उजवी बाजू. डावी बाजू अशी, की ही सारी जमीन मूळच्या आदिवासी जमातींची होती आणि करार करून, करार मोडून, लढाया करून ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली. शिवाय पट्टीला ना ओढा दिसतो ना टेकडी. आजही विमानातून मध्य अमेरिका पाहिली तर बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते, ती यामुळेच. शहरांनाही हाच रोग जडला. १८११ च्या आराखड्याने न्यूयॉर्कमध्ये बारा उभे रस्ते आणि एकशे पंचावन्न आडवे रस्ते आखले. प्लॉट विकायला सोयीचे झाले, पण माणसाला श्वास घ्यायला जागा फार थोडी उरली.

इमारतींच्या बाबतीतही घाईचेच दिवस होते. १८३० च्या सुमारास शिकागोच्या बाजूला लाकडी घराची एक नवी तऱ्हा निघाली. जुन्या पद्धतीत जाडजूड तुळया आणि खांब खाचा पाडून एकमेकांत बसवावे लागत, आणि त्याला कसबी सुतार लागे. नव्या पद्धतीत गिरणीत कापलेल्या पातळ फळ्या-पट्ट्या आणि यंत्रावर बनलेले स्वस्त खिळे एवढ्यावर दोनचार माणसे थोड्याच दिवसांत घर उभे करू लागली. लोकांनी थट्टेने त्याला ‘बलून’ म्हटले, वाऱ्यावर उडून जाईल म्हणून. ते काही उडाले नाही. आजही अमेरिकेतली बरीचशी घरे त्याच पद्धतीच्या पुढच्या सुधारलेल्या रूपात बांधतात.

या घाईत जमीन आणि इमारत यांचा एकत्र विचार करणारा एक माणूस होता, तो म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन. १८१९ साली त्याने व्हर्जिनिया विद्यापीठाची स्थापना केली आणि त्याची रचनाही स्वतःच केली. मधोमध लांबरुंद हिरवळ, तिच्या दोन्ही बाजूंना प्राध्यापकांची दहा घरे, घरांच्या खालच्या मजल्यावर वर्ग, आणि मधल्या ओळींत विद्यार्थ्यांच्या खोल्या. सगळ्यांना जोडणारी खांबांची पडवी, म्हणजे पावसातही वर्गाला जाता यावे. एका टोकाला प्रार्थनामंदिर असायचे, तिथे त्याने ग्रंथालय ठेवले. दुसरे टोक उघडे, समोर डोंगर. गुरू आणि शिष्य एका अंगणाभोवती राहावेत, असे हे विद्येचे खेडे त्याच्या डोळ्यांपुढे होते. पण या खेड्याच्या विटा भाजल्या आणि रचल्या त्या बऱ्याच अंशी गुलाम मजुरांनी, आणि त्यांच्या मुलांना त्या वर्गांत शंभर वर्षांहून अधिक काळ जागा नव्हती. रचना सुंदर म्हणताना हेही म्हटले पाहिजे.

आता मुख्य पात्राकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्क गच्च भरले होते. लोक मोकळ्या हवेसाठी कुठे जात, सांगून खरे वाटणार नाही: ते स्मशानभूमीत जात. १८३१ साली बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न येथे झाडी, टेकड्या आणि वळणाच्या वाटा ठेवून एक दफनभूमी केली होती. तिचे अनुकरण इतर शहरांनी केले आणि रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे शिदोरी घेऊन तिथे जाऊ लागली. हे पाहून अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग हा रोपवाटिकेचा मालक आणि लेखक म्हणू लागला, की मेलेल्यांसाठी एवढी जागा, तर जिवंतांसाठी का नाही? डाउनिंग १८५२ साली हडसन नदीवर आगबोटीला आग लागून मरण पावला. तेव्हा तो अवघा छत्तीस वर्षांचा होता. पण इंग्लंडहून त्याने मदतनीस म्हणून आणलेला कॅल्व्हर्ट वॉक्स हा तरुण वास्तुशिल्पी मागे राहिला, आणि लोकांची मागणीही राहिली. १८५३ साली राज्याच्या विधिमंडळाने शहराच्या मधोमध मोठ्या बागेसाठी जमीन घ्यायला मंजुरी दिली.

ही बाग करायची कुणी? १८५८ साली स्पर्धा झाली. तेहतीस आराखडे आले. निवडला गेला तो वॉक्स आणि फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या जोडीचा. ओल्मस्टेड हा काही शिकलेला वास्तुशिल्पी नव्हता. त्याने समुद्रावर खलाशाचे काम केले होते, वर्तमानपत्रासाठी दक्षिणेत हिंडून गुलामगिरीवर लिहिले होते, आणि न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावर शेती केली होती. १८५० साली इंग्लंडमध्ये बर्कनहेड येथे त्याने सरकारी पैशाने केलेली, गोरगरिबांना खुली असलेली बाग पाहिली, आणि लोकशाही म्हणवणाऱ्या आपल्या देशात असे काही नाही, याची त्याला खंत वाटली.

शेतकऱ्याची नजर या कामात कशी उपयोगी पडली पाहा. मिळालेली जमीन म्हणजे उघडे खडक आणि दलदल. आज सेंट्रल पार्क ८४३ एकरांचे आहे, आणि तिथे गेलेल्या माणसाला वाटते की शहर वाढताना निसर्गाचा हा तुकडा कुणीतरी तसाच ठेवला असावा. तसे मुळीच नाही. पाणथळ जागांत मातीच्या नळ्या पुरून पाणी काढून दिले आहे. तळी खणलेली आहेत. खडक सुरुंगाने फोडले, गाड्या भरभरून माती बाहेरून आणली आणि झाडे लाखांच्या हिशेबाने लावली. निसर्गासारखे दिसणारे हे सारे हजारो मजुरांनी हाताने घडवले आहे.

आणि खरी हुशारी रस्त्यांत होती. स्पर्धेची अट अशी, की बागेतून आडवे रस्ते गेले पाहिजेत. रस्ते गेले की बागेचे तुकडे झाले! या जोडीने चार आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखाली चर खणून नेले, आणि वरून बागेच्या वाटा पुलांनी पार केल्या. खालून भाजीच्या, कोळशाच्या गाड्या जातात, वर पोरे खेळतात. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पायी चालणाऱ्यांच्या, घोडेस्वारांच्या आणि बग्ग्यांच्या वाटाही वेगवेगळ्या. मोटार कुणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हाची ही योजना मोटारीच्या काळातही चालली, कारण ती वाहनाचा नव्हे तर चालणाऱ्या माणसाचा विचार करून केली होती. वॉक्सने पूल आणि इमारती अशा बसवल्या, की त्यांनी झाडीत मान वर काढू नये.

हे सगळे खरे. पण ती जमीन रिकामी होती का?

नव्हती. बागेच्या पश्चिम अंगाला सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबांनी तिथे प्लॉट विकत घेऊन घरे बांधली होती. पुढे आयरिश कुटुंबेही आली. १८५५ च्या सुमारास तिथे सव्वादोनशे माणसे, तीन चर्च आणि एक शाळा होती. या जमिनीचे मोल नुसते पैशाचे नव्हते. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचे तर त्याच्या नावावर २५० डॉलरची मालमत्ता असावी लागे. गोऱ्याला अशी अट नव्हती. म्हणजे प्लॉट गेला की मतही गेले. १८५७ पर्यंत ही वस्ती उठवली गेली. बागेच्या एकूण जागेतून सुमारे सोळाशे माणसे हलवली गेली. मालकांना मोबदला मिळाला, पण तो कमी असल्याच्या तक्रारी झाल्या. आणि वर्तमानपत्रांनी तर त्या मालकांना उपरे, झोपडीवाले ठरवले. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे या वस्तीचे नावही कुणाला आठवत नव्हते. २०११ साली तिथे उत्खनन झाले तेव्हा घराचा पाया, लोखंडी किटली आणि एक लहानसा बूट मिळाला.

धरणाखाली गाव गेलेल्या श्रोत्यांना हे सांगायला मी कशाला हवा? सार्वजनिक हित खरे असते, आणि ज्याच्या चुलीवरून ते जाते त्याचे दुःखही खरे असते. सेंट्रल पार्कने कोट्यवधी लोकांना सावली दिली. म्हणून ते करू नये होते, असे मी म्हणणार नाही. पण उठवलेल्या माणसाला आधी ‘उपरा’ म्हणायचे आणि मग विसरून जायचे, ही रीत मात्र बागेच्या कोणत्याही आराखड्यात आवश्यक नव्हती.

ओल्मस्टेडचे दुसरे मोठे काम बॉस्टनचे, आणि शेतकऱ्याला ते पहिल्याहून अधिक पटेल. तिथे शहराच्या कडेला खाडीचा चिखल होता. भरतीला पाणी आत येई, ओहोटीला शहराची घाण उघडी पडे, आणि दुर्गंधीने लोक हैराण होत. दुसऱ्या कुणी दगडी भिंती बांधून कालवा केला असता. ओल्मस्टेडने १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिथे मुद्दाम पाणथळ जमीन पुन्हा तयार करायचे ठरवले. मैल्याचे नळ वेगळे काढले, काठांना सौम्य उतार दिला, खाऱ्या पाण्यात तगणारे गवत लावले, आणि पुराचे पाणी पसरायला जागा ठेवली. पाण्याला अडवू नका, त्याला पसरायला जागा द्या. मग ते तुमच्या घरात येणार नाही, असा त्याचा हिशेब. पुढे १९१० मध्ये चार्ल्स नदीवर बांध झाला, खारे पाणी यायचे थांबले आणि मूळचे गवत मेले. एका खात्याने केलेली रचना दुसऱ्या कामाने अशी निकामी होते. तरी तिथून सुरू झालेली बागांची साखळी आजही शहराला वळसा घालून आहे, आणि बॉस्टनचे लोक तिला पाचूचा हार म्हणतात.

आता इमारतींकडे. १८७१ मध्ये शिकागो जळाले आणि नव्याने बांधावे लागले. जागा महाग, म्हणून इमारत वर जाऊ लागली. वर जायला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, सुरक्षित लिफ्ट. ती इलायशा ओटिसने १८५० नंतरच्या दशकात दाखवून दिली होती. दुसरी, भिंतीऐवजी भार पेलणारा लोखंडी सांगाडा. १८८५ साली विल्यम ल बॅरन जेनी याने दहा मजल्यांची होम इन्शुरन्स इमारत अशा सांगाड्यावर उभी केली. भिंत आता भार पेलणारी न राहता अंगावरच्या कपड्यासारखी झाली.

१८९३ साली त्याच शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले. आपल्याला ते साल स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ठाऊक आहे. ती सर्वधर्मपरिषद या प्रदर्शनाच्या निमित्ताने, पण शहरातल्या दुसऱ्या इमारतीत भरली होती. प्रदर्शनाची जागा सरोवराकाठची दलदल होती. वृद्ध ओल्मस्टेडने तिथे कालवे आणि तळी काढली आणि मध्ये एक झाडांचे बेट राखले. त्या बेटावर इमारत नको, असा त्याचा हट्ट होता. अखेर जपानच्या एका बसक्या लाकडी इमारतीपुरता तो सैल झाला. बाकी पांढरे भव्य महाल लाकूड-लोखंडावर गिलावा चढवलेले होते. त्यांतले बहुतेक गेले, तळी आणि बेट अजून आहेत. १८९९ मध्ये भूरचनाकारांची राष्ट्रीय संस्था निघाली आणि १९०० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९०३ साली ओल्मस्टेड वारला, तोवर त्याच्या कामाला नाव, शाळा आणि शिष्य मिळाले होते.

पुढच्या पिढीत दोन नावे घेतो. डेन्मार्कहून आलेला येन्स येन्सन शिकागोच्या बागांत मजुरी करता करता वर चढला. त्याने परदेशी फुलझाडे सोडून आसपासच्या माळावरचीच झाडे लावायला सुरुवात केली. ती कमी पाण्यात जगतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. दुसरा फ्रँक लॉइड राइट. सपाट माळावरचे घर बसके, आडवे, लांब पागोळ्यांचे असावे, असे त्याचे म्हणणे. पेनसिल्व्हेनियातले त्याचे ‘फॉलिंगवॉटर’ हे घर जगप्रसिद्ध आहे. त्याचे काम १९३६–३७ मध्ये झाले. घरमालकाला वाटले होते, समोर धबधबा दिसेल असे घर मिळेल. राइटने घर धबधब्याच्याच डोक्यावर बांधले, आणि जागेवरचा मूळ खडक बैठकीच्या खोलीत चुलाण्यापुढे तसाच ठेवला. सुंदरच! पण पुढे काढलेले काँक्रीटचे सज्जे वर्षानुवर्षे खाली झुकत गेले आणि २००२ साली पोलादी तारांनी ताणून त्यांना आधार द्यावा लागला. जमिनीवर प्रेम केले म्हणून वजनाचा हिशेब चुकवून चालत नाही.

जमिनीचा विचारच केला नाही तर काय होते, तेही अमेरिकेने पाहिले. सेंट लुई शहरात गरिबांसाठी अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारती बांधल्या. नाव प्रुइट-आयगो. १९५४ साली लोक राहायला आले. काटकसर करताना आधी झाडे, खेळाची जागा, तळमजल्याच्या सोयी गेल्या. भोवतालची जमीन नावाला सगळ्यांची, पण राखणारे कुणी नाही, अशी झाली. दुरुस्तीला पैसा नव्हता, वर्णभेद होता, शहरातून कामधंदेही निघून जात होते; दोष एकट्या आराखड्याचा नव्हे. पण १९७२ साली त्या इमारती सुरुंगाने पाडायला सुरुवात झाली, तेव्हा त्यांना पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. जवळपास त्याच काळात, १९६९ साली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या इयान मॅकहार्ग या प्राध्यापकाने एक साधी युक्ती मांडली. उताराचा, मातीचा, पाण्याचा, जंगलाचा असे वेगवेगळे नकाशे पारदर्शक कागदावर काढायचे आणि एकावर एक ठेवायचे. कुठे बांधावे आणि कुठे बांधू नये, हे आपोआप उमटते. आज संगणक हेच काम करतो.

या अमेरिकन शाळेचा आपल्याकडे आलेला एक धागा सांगतो. कोकणातल्या आचऱ्यात १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि नंतर हार्वर्डला गेले. त्यांनी पुढे कानपूरच्या आय. आय. टी.ची रचना केली. तिथे एका इमारतीतून दुसरीकडे छायेतून चालत जाता येते, मोटारी बाहेरच्या बाहेर राहतात. विद्या परदेशातून आणली, पण ऊन इथले होते, हे ते विसरले नाहीत.

गुरुजनहो, मुलांना हा विषय शिकवायला अमेरिकेचा नकाशा हवाच असे नाही. पहिला मोठा पाऊस पडून गेला की शाळेच्या आवारात मुलांना घेऊन फिरा. पाणी कुठे साचले, कुठून वाहिले, माती कुठे धुपली, हे त्यांना कागदावर रेखू द्या. उन्हाळ्यात त्याच कागदावर दुपारची सावली रेखा. मग नव्या खोलीची जागा त्यांनाच सुचवू द्या. आणि शेवटी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला बोलावून विचारा, की ही जागा शाळेची होण्याआधी कुणाची होती आणि इथे काय होते. ते उत्तर सातबाऱ्यावर असेल किंवा नसेलही. पण मुलांच्या नकाशावर ते नक्की लिहून ठेवा.